तिसरी-चौथीच्या मुलांना किनाऱ्यावरच्या सगळ्यांचं संगीत कसं ऐकवावं?

शाळावेळ:
वेंगुर्ल्याजवळची द्विशिक्षकी शाळा, २२ मुलं. हाताशी चार शनिवार, दर वेळी पाऊण तास. भजन आणि दशावतार मुलांच्या कानावरचे आहेत. ख्रिस्ती, मुसलमान, बेने इस्रायली (कोकणातले ज्यू), वारली संगीत अजिबात नाही. दर शनिवारी एक समाज, त्याचा पोशाख आणि एक गाणं, असं योजलंय. शाळेत पेटी आणि टाळ आहेत. काय बदलू?

मातीकाम:
'दर शनिवारी एक समाज' सोडा. पोशाख आणि फोटो यातच पाऊण तास जातो, आणि मुलांना एवढंच कळतं की ती माणसं वेगळे कपडे घालतात. त्यापेक्षा एक वाद्य धरा आणि ते कोणाकोणाच्या घरात वाजतं ते बघा. तुमच्या हाकेवर घुमट आहे, म्हणजे मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं मडक्याचं वाद्य! चतुर्थीच्या आरतीला तेच, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मांडो-दुलपद या कोकणी गाण्यांनाही तेच. गोव्याने २०१९ मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं.

चार मडकी करून घ्या. दोन्ही तोंडं उघडी हवीत, हे कुंभाराला भाजण्याआधीच सांगा. भाजलेल्या मडक्याला मागून भोक पाडायला गेलात तर तडा जातोच. मोठं तोंड वीतभर. लहान तोंड मुलाच्या तळव्याने पूर्ण झाकलं पाहिजे, म्हणजे दोनेक इंच. मोठ्यांचं घुमट दिलंत तर फटीतून हवा निसटते आणि 'घुम' येतच नाही. उजव्या हाताने थाप, डाव्या तळव्याने लहान तोंड झाक-उघड; अख्खी गंमत त्या डाव्या हातात आहे.

शाळावेळ:
चामड्याचं काय करायचं? आरतीची घुमटं भाद्रपदात ढेपाळलेली असतात.

मातीकाम:
दमट हवेत चामडं पाणी धरतं आणि सैल पडतं. वाजवण्याआधी निखाऱ्यापासून हातभर लांब धरून शेकतात. फार जवळ धरलं तर काठाशी फाटतं. नवं चामडंही सावलीत वाळवावं. उन्हात कडा आधी आक्रसते आणि ताण एकसारखा राहत नाही. मुलांसाठी मोठ्या फुग्याचं रबर पुरे: मान कापायची, काठावर ताणायचं, सुतळीचे तीन फेरे. आवाज पातळ येतो, पण पावसात टिकतो. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकरीचंच. कोणी जुनं 'अस्सल' विकायला आणलं तर घेऊ नका.

पेटीवाला:
ठेका आधी, गाणं नंतर. दुलपद सहाच्या चालीत आहे, तेव्हा सहा मात्रांचा दादरा ताल हातावर बसवा: धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर हात बाजूला. मुलं चौथीवरही जोरात टाळी मारतात आणि मग ते तीन-तीनचे दोन तुकडे होतात. तिथेच थांबवून पुन्हा घ्या. गाण्याची पट्टी (मूळ सूर) भजनीबुवांची नको. पेटीची काळी चार किंवा पाच घेऊन बघा, नाहीतर तारसप्तकात नुसता आरडाओरडा होईल.

कुंडलिकाकाठ:
बेने इस्रायली म्हणजे रायगडचे शनवार तेली: तेलाचे घाणे, शनिवारी सुट्टी. त्यांच्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी कीर्तनं होत आली आहेत. कथा बायबलच्या जुन्या करारातल्या, बांधणी मात्र ओवी, साकी, दिंडी या मराठी कीर्तनातल्या छंदांची. म्हणून एखादी साकी मुलांना आधी पाठ करवा आणि मगच ही गोष्ट सांगा. चाल ओळखीची निघाली की मुलं कान टवकारतात.

वारल्यांचा तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, वाजवायला देऊ नका. श्वास न तोडता फुंकायचं असतं, त्या वयात जमत नाही. ध्वनिमुद्रण लावा आणि एकमेकांच्या कमरेत हात घालून रांग करा. वारली नाचाचा नियम एकच सांगा: तारप्याकडे पाठ करायची नाही.

कोकणी मुसलमान घरांतली लग्नगीतं बायका म्हणतात. वर्गातल्या मुलाच्या आजीला बोलवा, पण मोबाईल पुढे धरण्याआधी विचारा. काहीजणी गातील, ध्वनिमुद्रण नको म्हणतील. मग मोबाईल पिशवीत.