हातानं घडवणारेही आहेत
आजचे अमेरिकन शिल्पकार फक्त कल्पना सांगतात, घडवतात दुसरेच, असं एक मत ऐकू येतं. ते जेफ कून्सला लागू पडेल. मार्टिन प्युरीअरला नाही. १९६४ ते ६६ तो पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये शिकवायला होता आणि स्वतःच तिथल्या सुतारांकडून शिकला! विजेच्या यंत्रांविना लाकूड कसं जोडायचं, ते. त्याची १९९६ची 'लॅडर फॉर बुकर टी. वॉशिंग्टन' (फोर्टवर्थच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहे) बघाच. सुमारे ३६ फुटांची वेडीवाकडी शिडी, वर जाताना निमुळती होत होत टोकाला जेमतेम दोन बोटं रुंद. शिवाय अधांतरी टांगलेली, जमिनीला टेकतच नाही. बुकर टी. वॉशिंग्टन या गुलामीतून वर आलेल्या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाचं नाव तिला देणं मला फार बोचरं वाटतं.