ऑलिम्पिक न खेळलेल्या फिगर स्केटर: नियम चुकीचा की नशीब फुटकं?

मृण्मयी_बर्फवेडी

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे भांडायला सोपं जाईल. आदल्या वर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे जिने मेडल घेतलंय तिला ऑलिम्पिकला थेट एंट्री मिळाली पाहिजे, एका देशाला जास्तीत जास्त तीन जागा या कोट्याच्या बाहेर. बास.

कारण एलिझावेता तुक्तामिशेवा. २०१४-१५ च्या एका सीझनमधे या बाईने ग्रां प्री फायनल, युरोपियन आणि वर्ल्ड तिन्ही जिंकलं, शांघायच्या वर्ल्डला शॉर्ट प्रोग्रॅममधे (पहिल्या, छोट्या फेरीत) ट्रिपल ॲक्सल (हवेत साडेतीन गिरक्यांची उडी) टाकला, तेव्हा बायकांमधे ती उडी मारणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे सगळ्यांनी तिला संपली म्हणून टाकलं आणि २०२१ ला स्टॉकहोममधे ती परत आली, वय २४, आजूबाजूला सोळा-सतरा वर्षांच्या पोरी, आणि तरी सिल्व्हर. आणि ऑलिम्पिक किती? शून्य. सोची (२०१४) नाही, प्योंगचांग (२०१८) नाही, बीजिंग (२०२२) नाही. जगात दुसरी आणि स्वतःच्या देशातून पहिल्या तिघींत नाही म्हणून घरी बसून टीव्ही बघा, हे मला काही केल्या पटत नाही.

दुसरी युकारी नाकानो. जपानची. मिदोरी इतो आणि टोन्या हार्डिंगनंतर जवळजवळ दहा वर्षांनी, २००२ च्या स्केट अमेरिकेत हिने ट्रिपल ॲक्सल लँड केला. २००८ च्या वर्ल्डला चौथी. ऑलिम्पिक शून्य. २०१० चं तिकीट किती पॉइंटने हुकलं माहितीये? ०.१७. शून्य पॉइंट सतरा!! एखाद्या स्पिनची लेव्हल एकाने वर गेली असती तर व्हँकुव्हर.

बोला.

रिंकमास्तर

मृण्मयीताई, तुक्तामिशेवा मलाही आवडते पण रडगाणं गाताना अर्धीच गोष्ट सांगू नका. सोचीला रशियाच्या बायकांना तीन नव्हे दोनच जागा होत्या. का? कारण जागा आदल्या वर्षीच्या वर्ल्डच्या निकालावरून मिळतात, तुमच्या दोन वरच्या स्केटरच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा कमी आली तर तीन जागा, २८ पर्यंत आली तर दोन. २०१३ च्या वर्ल्डला, कॅनडातल्या लंडनमधे, सोत्निकोवा नववी आणि दहावी कोण? तुमची तुक्तामिशेवा. बेरीज १९. म्हणजे तिसरी जागा घालवण्यात तिचाही हात होता. त्या दोन जागांवर सोत्निकोवा आणि लिपनित्स्काया गेल्या, एकीने वैयक्तिक गोल्ड आणलं, दुसरीने टीम इव्हेंट गाजवला. आता सांगा यातली कुठली चुकीची निवडली?

हर्षद_ठाणे

मी फक्त ऑलिम्पिकच्या वेळी बघणारा माणूस, त्यामुळे बाळबोध प्रश्न. वर्ल्डला पण तीनचाच कोटा असतो ना? मग ऑलिम्पिकलाच का ओरडायचं?

मृण्मयी_बर्फवेडी

हर्षद, वर्ल्ड दरवर्षी असते. यंदा हुकली तर पुढच्या मार्चमधे आहेच. ऑलिम्पिक चार वर्षांनी, आणि या खेळात मुलींचं शरीर चार वर्षांत इतकं बदलतं की सतराव्या वर्षीच्या उड्या एकविसाव्याला राहतीलच असं नाही.

@रिंकमास्तर, २०१३ ला ती सोळा वर्षांची होती, उंची वाढत होती, सगळ्या उड्या बिघडलेल्या. त्याची शिक्षा २०२२ पर्यंत? आणि बीजिंगचं काय? डिसेंबर २०२१ च्या ज्या रशियन नॅशनल्सवरून टीम ठरली त्याच स्पर्धेत पहिल्या आलेल्या कमिला वलियेवाचं डोपिंग सॅम्पल पॉझिटिव्ह निघालं. पुढे क्रीडा लवादाने त्या तारखेपासूनचे तिचे निकालच काढून टाकले. म्हणजे टीम ठरवणाऱ्या स्पर्धेतली नंबर एकच रद्द!

रिंकमास्तर

रद्द, मान्य. पण त्या नॅशनल्सला तुक्तामिशेवा मेडलच्या जवळपासही नव्हती. वलियेवाला काढलं तरी ही पहिल्या तिघींत येत नव्हती. डोपिंगचा राग वेगळा, तो मलाही आहे, पण तो इथे चिकटवू नका.

केतकी_बॉस्टन

मला नाकानोबद्दल लिहायचंय कारण ०.१७ चा आकडा सगळे फेकतात आणि समोर कोण होतं ते कोणी सांगत नाही. समोर होती अकिको सुझुकी. कॉलेजात असताना तिला ईटिंग डिसऑर्डर झाला, वजन ३२ किलोवर आलं. बत्तीस! तिथून चालायला, मग स्केटिंगला, मग उड्यांना परत सुरुवात करून ही मुलगी २४ व्या वर्षी नॅशनल्सला उभी राहते आणि नाकानोच्या ०.१७ पुढे जाते. आता हिला सांगायचं का की बाई, तू नाकानोची जागा खाल्लीस? तिसरी जागा मिकी आंदोने ग्रां प्री फायनलच्या सिल्व्हरवर आधीच पक्की केली होती आणि असादा पहिली आली, म्हणजे उरलेल्या एका जागेसाठी या दोघी. मला तर त्यात अन्याय कुठेच दिसत नाही, फक्त वाईट वाटतं.

नाकानोवर खरा अन्याय झाला असेल तर तो त्याच्या चार वर्षं आधी, २००५ ला. त्या सीझनला तिने एनएचके ट्रॉफी जिंकली, टोकियोच्या ग्रां प्री फायनलला ब्राँझ घेतलं, आंदो तिथे चौथी. नॅशनल्सला नाकानो पाचवी, आंदो सहावी. आणि २००६ च्या तोरिनो ऑलिम्पिकला कोण गेलं? आंदो, कारण पॉइंट मोजताना मागचा सीझनही धरला होता. तिथे क्वाड सॅल्काव (चार गिरक्यांची उडी) ट्राय केला, पडली, १५ वी. अर्थात आराकावा गोल्ड घेऊन आली आणि सगळा देश त्या आनंदात हे विसरून गेला.

मृण्मयी_बर्फवेडी

केतकी, मग हे तर माझ्याच बाजूचं झालं ना! एकदा सीझनचा हिशोब लावला तेव्हा ती बाहेर, एकदा एका स्पर्धेवर ठरलं तेव्हाही बाहेर. दोन्ही पद्धती करून झाल्या.

केतकी_बॉस्टन

नाही गं, दोन्ही पद्धतीत कोणीतरी बाहेर राहणारच एवढंच त्यातून दिसतं. इकडे अमेरिकेतही तेच. २०१४ ची नॅशनल्स आमच्या इथेच बॉस्टनला होती, आम्ही पार वरच्या रांगेत बसून बघितली. मिराई नागासू तिसरी आली, टाळ्या थांबत नव्हत्या, आणि ॲश्ली वॅग्नर दोनदा पडून चौथी, मार्क बघताना तिचा चेहरा स्क्रीनवर एवढा मोठा दिसत होता की बघवेना. दुसऱ्या दिवशी टीम आली: ग्रेसी गोल्ड, एडमंड्स, वॅग्नर. माझा नवरा, ज्याला लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्यांमधला फरक आजही कळत नाही, तोसुद्धा म्हणाला मग ही स्पर्धा घेतलीच कशाला. कमिटीचं म्हणणं, वॅग्नर आधीची दोन वर्षं नॅशनल चॅम्पियन, वर्ल्डला पाचवी, एका वाईट दिवसाने ते पुसायचं का? सोचीला ती सातवी आली, म्हणजे कमिटीही अगदी खोटी ठरली नाही.

मिराई तरी २०१८ ला गेली, ऑलिम्पिकमधे ट्रिपल ॲक्सल टाकणारी पहिली अमेरिकन बाई झाली. त्याच वर्षी नॅशनल्सला चौथी कोण आली माहितीये? वॅग्नर. आणि या वेळी चौथीला घेतलं नाही. खरा मेला तो पुरुषांतला रॉस मायनर. २०१८ ला सॅन होजेमधे आयुष्यातला सगळ्यात भारी फ्री प्रोग्रॅम (दुसरी, मोठी फेरी) करून दुसरा आला आणि टीममधे चेन, झोउ आणि चौथा आलेला रिपन. मायनर एकदाही ऑलिम्पिकला गेला नाही.

बाप्पा_नाशिककर

मायनरचं वाचून खरंच कसंतरी झालं. दुसरा येऊन?? आपल्याकडे असं झालं असतं तर पोराच्या काकाने हायकोर्ट गाठलं असतं.

सह्याद्री_७२

धागाकर्तीशी पूर्ण असहमत. कोट्याबाहेर जागा द्यायला लागलात की रशिया, जपान आणि अमेरिका मिळून अर्धं मैदान भरतील. प्रेक्षकांना चांगलं स्केटिंग बघायचंय हे कबूल, पण मग त्याला ऑलिम्पिक कशाला म्हणायचं, ग्रां प्री फायनल म्हणा. बीजिंगला बायकांच्या एकूण ३० जागा, मिलानला (२०२६) २९. त्यात छोट्या देशांच्या मुली कशाबशा पात्रता स्पर्धेतून घुसतात. आपली तारा प्रसाद बघा, २०२५ च्या हार्बिन एशियन विंटर गेम्सला आठवी आली, भारतासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, पण ऑलिम्पिकला अजून एकही भारतीय फिगर स्केटर पोचलेला नाही. देशात पूर्ण मापाच्या इनडोअर रिंक किती, तर डेहराडूनची एक आणि ती सुद्धा वर्षानुवर्षं बंद होती. शिमल्याला बर्फ थंडीपुरता, देवाच्या कृपेवर. पुण्यामुंबईच्या पोरी रोलर स्केट्सवर आर्टिस्टिक करतात, त्यातली एखादी उद्या बर्फावर गेलीच तर तिच्यासाठी दार उघडं राहिलं पाहिजे. तुमची तुक्तामिशेवा निदान वर्ल्ड चॅम्पियन म्हणून मिरवली, तिचं काय बिघडलं?

मृण्मयी_बर्फवेडी

अहो पण मी छोट्या देशांच्या जागा काढा असं कुठे म्हणतेय? वरच्या जागा म्हणतेय मी, वरच्या. हिशोब करा. बीजिंगच्या आधीची वर्ल्ड म्हणजे २०२१, मेडल तिघींना: शेरबाकोवा, तुक्तामिशेवा, ट्रुसोवा. दोघी आधीच टीममधे होत्या. म्हणजे एक जागा वाढली असती. ३० च्या ३१. आणि मिलानच्या वेळी तर २०२५ च्या वर्ल्डच्या तिघी, आलिसा लिउ, साकामोतो आणि मोने चिबा, तिन्ही आपापल्या देशाकडून आल्याच, शून्य जागा वाढल्या. कुठे अर्धं मैदान भरलं?

रिंकमास्तर

हे बरं केलंत, आता तुमच्याच हिशोबाने बोलू. तुमचा नियम लावला तर नाकानो? वर्ल्डला कधी मेडल नाही, घरीच. मायनर? घरीच. माई मिहारा, २०१७ आणि २०२२ ची फोर काँटिनेंट्स (युरोपबाहेरच्या देशांची स्पर्धा) चॅम्पियन, संधिवाताचा आजार अंगावर घेऊन खेळली, पुढे २०२२ ची ग्रां प्री फायनल पण जिंकली, ना प्योंगचांग ना बीजिंग? वर्ल्ड मेडल नाही, घरीच. आलिसा चिझनी, ग्रां प्री फायनल जिंकलेली, जिच्या स्पिनसाठी लोक तिकीट काढायचे? घरीच. रूडी गालिंडोचं वर्ल्ड ब्राँझ १९९६ चं, ऑलिम्पिक ९८ चं, आदल्या वर्षीचं मेडल नाही, तोही घरी. खुद्द तुक्तामिशेवाचं २०१५ चं गोल्ड प्योंगचांगला उपयोगाचं नाही. म्हणजे अख्ख्या यादीत एका बाईला एकदाच उपयोगी पडणारा नियम. याला नियम म्हणत नाहीत ताई, शिफारसपत्र म्हणतात.

अरुंधती_म

इतका वेळ वाचत होते. तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल भांडताय त्यांना निदान नॅशनल्सच्या बर्फावर उभं राहून हरता तरी आलं. मेबल फेअरबँक्सचं नाव कोणीच घेतलं नाही. काळी मुलगी, १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमधे स्केटिंग शिकली, रिंकच्या दारातून परत पाठवली गेली, क्लबने मेंबर करून घेतलं नाही. आणि क्लबची मेंबरशिप नाही तर टेस्ट देता येत नाही, टेस्ट नाही तर स्पर्धा नाही. त्यामुळे ती किती चांगली होती हे मार्कांत सांगायची सोयच नाही. ती शो करत फिरली, मग लॉस एंजेलिसला कोच झाली, आणि १९६० च्या दशकात आटॉय विल्सन या आपल्या विद्यार्थ्याला क्लबात घ्यायला लावलं, तो १९६६ ला नॅशनल्सला नॉव्हिस (ज्युनियरच्या खालच्या) गटात जिंकला. टाय बॅबिलोनिया आणि रँडी गार्डनरची जोडी लहानपणी तिनेच जमवली, तेच पुढे १९७९ चे वर्ल्ड चॅम्पियन. हॉल ऑफ फेममधे तिला घेतलं १९९७ ला, तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती.

०.१७ ने हुकलं याचं दुःख असणारच. पण त्यात निदान आकडा आहे हो.

हर्षद_ठाणे

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

सह्याद्री_७२

अरुंधतीताई +१. कागदावरून अडलेला अजून एक आठवला, मर्विन ट्रॅन. कॅनडाचा मुलगा, नारुमी ताकाहाशीबरोबर जपानसाठी पेअर्स (मुलगा-मुलीची जोडी) खेळायचा, २०१२ ला नीसच्या वर्ल्डला ब्राँझ, जपानचं पेअर्समधलं पहिलं वर्ल्ड मेडल. वर्ल्डला दोघांपैकी एकाचं नागरिकत्व चालतं, ऑलिम्पिकला दोघांचं लागतं, आणि जपान दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. जोडी फुटली. ताकाहाशी दुसऱ्या जोडीदाराबरोबर सोचीला गेली, ट्रॅन पुढे अमेरिकेसाठीही खेळला पण ऑलिम्पिक नाहीच. मृण्मयीताईंच्या नियमाने सुद्धा हा बाहेर, कारण पासपोर्टला मेडल दाखवून चालत नाही.

केतकी_बॉस्टन

आणि वयाचं? माओ शिमादा, ज्युनियर वर्ल्ड लागोपाठ जिंकत आलीये, डिसेंबर २०२४ ला जपानच्या सीनियर नॅशनल्समधे साकामोतोच्या खालोखाल दुसरी. जन्म ऑक्टोबर २००८, म्हणून मिलानला नाही, कारण वलियेवा प्रकरणानंतर वयाची अट १५ वरून १७ वर नेली. मला अट बरोबर वाटते, लहान पोरींचे गुडघे-कंबर वाचतात. पण २०३० ला तिच्या उड्या अशाच राहतील का हे कोणी सांगावं, मृण्मयी म्हणते तेच.

बादवे नाकानो आता कोच आहे. २०२५ चा ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन रिओ नाकाता तिच्याच हाताखालचा.

मृण्मयी_बर्फवेडी

अरुंधती, तुझ्या मुद्द्यापुढे माझा नियम छोटा आहे हे दिसतंच, पण छोटा आहे म्हणून करूच नये असं नाही ना. @रिंकमास्तर, एकीलाच उपयोगी पडतो म्हणता, मग तर विरोध करायचं कारणच उरत नाही. नुकसान कोणाचं?

रिंकमास्तर

३० म्हणजे सहाचे पाच वॉर्मअप ग्रुप. ३१ झाल्या की सहावा ग्रुप, अजून सहा मिनिटं वॉर्मअप, वेळापत्रक पुढे सरकणार, टीव्हीवाले बोंबलणार. आयएसयू (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना) हे मान्य करेल असं वाटतं तुम्हाला?

मृण्मयी_बर्फवेडी

सहा मिनिटं?? आडनावं पुकारण्यात आणि मार्कांची वाट बघत सोफ्यावर बसण्यात त्याहून जास्त वेळ जातो. करू दे की बोंबाबोंब.

बाप्पा_नाशिककर

मास्तर, सहा मिनिटांसाठी मी पण ताईंच्या बाजूने.