मदत हवी आहे: प्रोबायोटिक कॅप्सूलची दुसरी स्ट्रिप घेऊ की नको?

आधी_पोटोबा
सरळ मुद्द्यावर येतो. सकाळी तीन-तीनदा पळावं लागतं, दुपारी पोट डब्ब. केमिस्टने प्रोबायोटिक (पोटाला चांगल्या जिवंत जंतूंच्या) कॅप्सूल दिल्या, 'महिनाभर घ्या, आतडी एकदम नवी होतील' म्हणाला. स्ट्रिप संपत आली, पैसे भरपूर गेले, फरक पडलाय की मनाचे खेळ आहेत, कळत नाही. कुणाला खरंच उपयोग झालाय का? 'डॉक्टरांना विचारा' लिहू नका, तेवढं मलाही सुचतं.

अष्टावक्र_
कोणतं प्रोबायोटिक? वय किती? कधीपासून? आधी अँटिबायोटिक झालं होतं का? वजन उतरलंय? शौचात रक्त? काहीच न सांगता उत्तर हवंय होय!

मेघना_ठाणे
कॅप्सूल कशाला हव्यात? घरचं अदमुरं दही घुसळून त्यात भाजलेलं जिरं, चिमूटभर हिंग, सैंधव. आमच्याकडे सासऱ्यांचं जेवण त्याशिवाय संपत नाही, नव्वदीत ठणठणीत आहेत.

आधी_पोटोबा
ताक रोज पितो, प्रश्न ताकाचा नाही. वय 51. रक्त नाही, वजन आहे तेवढंच (दुर्दैवाने). अँटिबायोटिक नाही. स्ट्रिपवर पाच-सहा लॅक्टोबॅसिलस-बायफिडो नावं आणि '1000 कोटी'. बाकी काही नाही.

दुपारचा_चहा
त्या 1000 कोटींच्या शेजारी बारीक अक्षरात 'उत्पादनाच्या वेळी' असं आहे का बघा. असेल तर दुकानाच्या उन्हातल्या काचेमागे महिने काढल्यावर त्यातले जिवंत किती, देव जाणे. आणि नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' पुरत नाही. उपयोग स्ट्रेनगणिक, म्हणजे त्या जंतूच्या पोटप्रकारागणिक, वेगळा असतो. नावापुढे स्ट्रेनची अक्षरं किंवा आकडे नसतील, तर कशावर अभ्यास झालाय हे तुम्ही ताडूनही पाहू शकत नाही.
अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये सगळे पुरावे चाळले. अँटिबायोटिक चालू असताना होणारा सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूचा संसर्ग टाळायला ठरावीक स्ट्रेन, अपुऱ्या दिवसांची बाळं, अशा मोजक्या ठिकाणी सशर्त होकार. आयबीएससाठी (आतड्यात दोष न दिसता पोट वारंवार बिघडतं तो आजार) मात्र संशोधनाच्या चाचणीत सहभागी असाल तरच घ्या, म्हणाले.

घाटावरचा
मला बोलार्डीने दोन दिवसांत आराम पडला होता. अनुभव हाच पुरावा.

दुपारचा_चहा
तेव्हा अँटिबायोटिक चालू होतं ना? बोलार्डी हे यीस्ट, अँटिबायोटिकने मरत नाही, म्हणून तिथे देतात. पोटोबांचा मामला वेगळा. शिवाय साधे जुलाब दोन दिवसांत आपले आपणही थांबतात.

घाटावरचा
सगळं अमेरिकेचंच का ऐकायचं? ओडिशात 2017 मध्ये चार हजारांवर बाळांच्या चाचणीत प्रोबायोटिकने मृत्यू आणि सेप्सिस (अंगभर भिनणारा जंतुसंसर्ग) मिळून 40 टक्क्यांनी घटले, तेही 'नेचर'मध्ये छापून आलं!

अष्टावक्र_
नवजात बाळं होती ती, आणि प्रश्न सेप्सिसचा होता. पोटोबा 51 वर्षांचे आहेत, गुटी पाजायचं वय गेलं.
पण चहा, तुम्हीही एकच बाजू सांगताय. ब्रिटिश गॅस्ट्रोएंटरॉलॉजीवाल्यांनी 2021 मध्ये आयबीएससाठी 12 आठवडे घेऊन बघा, फरक नसेल तर बंद करा, असं म्हटलंय.

दुपारचा_चहा
मान्य. पण कोणता स्ट्रेन, हे त्यांनाही सांगता आलेलं नाही. आणि पोटोबांना आयबीएस आहे हे ठरवलं कुणी?

फ्रँकफुर्टी
इकडे केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध) मिळतं, माझं पोट त्यावरच रुळावर आलं. दही मात्र घरी काही केल्या लागत नाही, नुसतं तार सुटतं. काय चुकतंय?

सायली_एम
पोटोबा, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?

आधी_पोटोबा
बीपीची एक. साखरेची मेटफॉर्मिन, ती दिवाळीनंतर 500 ची 1000 केली, सकाळी चहाआधी घेतो. पण त्या साखरेच्या गोळ्या, पोटाशी काय संबंध?

सायली_एम
आणि पोटाचा त्रास कधीपासून?

आधी_पोटोबा
दिवाळीनंतरच. फराळाचं निमित्त झालं.

सायली_एम
फराळ बिचारा उगाच बदनाम! जुलाब, गॅस, पोट फुगणं हे मेटफॉर्मिनचे अगदी नेहमीचे दुष्परिणाम, त्यात डोस वाढवला की जास्त. रिकाम्या पोटी घेतली की अजून. ती जेवणासोबत घ्यायची असते. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. साधी असेल तर हळूहळू विरघळणारी, एसआर किंवा एक्सआर लिहिलेली चालेल का, हे लिहून देणाऱ्यांनाच विचारा. बरीच वर्षं घेत असाल तर बी12 पण तपासून घ्या, या गोळीने ते कमी होऊ शकतं.

आधी_पोटोबा
'डॉक्टरांना विचारा' नको म्हणालो होतो ना. बरं, पाकिटावर एसआर, एक्सआर काही नाही. शुक्रवारची वेळ घेतो. पण दुसरी स्ट्रिप घेऊ की नको? हो किंवा नाही.

दुपारचा_चहा
नाही.

घाटावरचा
घ्या हो, अपाय तर नाही ना!

दुपारचा_चहा
प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्यांना क्वचित संसर्ग झालेत, तेव्हा सरसकट 'अपाय नाही' म्हणू नका. पोटोबांच्या फक्त खिशाला अपाय. आधी गोळीचं निस्तरू दे, एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर गुण कशाचा ते कळायचं नाही.

मेघना_ठाणे
@फ्रँकफुर्टी, दूध फार गरम असताना विरजण लावताय किंवा विरजणच जुनं झालंय. बोटाला कोमट लागलं की लावा आणि ओव्हनचा नुसता दिवा चालू ठेवून आत ठेवा. विरजणच नसेल तर हिरव्या मिरचीची देठं घाला, लागतं. पहिलं टाकून द्या, त्याचं विरजण वापरून दुसरं लावा.

फ्रँकफुर्टी
देठं मिरचीसकट घालायची की नुसती?