ओढ्याचे खोलीकरण : शिवारातील पाणी वाढते की केवळ जागा बदलते?

प्रश्न (भोकरदन तालुका, जालना)
येत्या उन्हाळ्यात गावच्या ओढ्याचे खोलीकरण करावे, पोकलेनने पात्र रुंद करून निघालेला गाळ शेतांत टाकावा आणि जागोजागी सिमेंट नाला बांध बांधावेत, असा प्रस्ताव आमच्या ग्रामसभेपुढे आहे. ओढ्याकाठच्या विहिरींना याचा लाभ होईल असे सांगितले जाते. परंतु आमच्याकडे साठेल ते पाणी एरवी त्यांच्याकडेच वाहून जाणारे आहे, असे खालच्या वाडीतील शेतकऱ्यांचे म्हणणे आहे. शिवाय गावात प्लास्टिक कागद अंथरलेली शेततळी दरवर्षी वाढत आहेत. या साऱ्याने पाणी खरोखर वाढते का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (लातूर)
वाडीचा आक्षेप निराधार नाही. मराठवाड्याचा बहुतांश भूभाग बेसाल्टचा असून अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ मुरतच नाही. ते मावते ते मुरमात, भेगांत आणि मांजऱ्या नावाच्या सच्छिद्र खडकात. त्यामुळे साचलेला गाळ काढणे निराळे आणि मुरूम फोडून थेट पाषाणापर्यंत जाणे निराळे. ओढ्याचा तळ भोवतालच्या भूजलपातळीखाली गेला की काठच्या जमिनीतील आणि विहिरींतील पाणी पाझरून त्या चरात उतरते, उघड्यावर उन्हाने उडून जाते, आणि तुडुंब ओढ्याची छायाचित्रे मात्र गावोगाव फिरत राहतात. कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे असावा : आधी उतारावर समपातळी चर, मग बांधबंदिस्ती, ओढा सर्वांत शेवटी. तुमच्याच जालना जिल्ह्यातील कडवंचीचे पाणलोटाचे काम अवश्य पाहून यावे. शेततळ्यांविषयी इतकेच, की त्यात पावसाचे वाहते पाणी घेतले तर ती साठवण. विहीर किंवा बोअर उपसून ते भरले, तर सर्वांचे भूजल एकाच्या कुंपणाआड गेले.

उत्तर २ (पैठण)
हाच वाद गोदावरी खोऱ्यात मोठ्या प्रमाणावर चालू आहे. १९६५ साली पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली लोकार्पण झालेल्या, इथल्या जायकवाडी धरणाची एकूण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यापैकी ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारे, एरवी वापरता न येणारे पाणी. जलाशय पसरट आणि उथळ असल्याने बाष्पीभवन प्रचंड होते, तर वर नाशिक-अहिल्यानगरची धरणे आधी भरतात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडणे अपेक्षित ठरवले, तरीही वाद न्यायालयात जातोच. वाडीशी पाण्याची वाटणी आज लेखी ठरवून घ्या. कोरड्या वर्षी ते ठरत नाही.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर)
पाण्याची जागा बदलणारे प्रत्येक काम असे ओरबाडणारेच असते असे नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या नहरीने डोंगराकडील भूजल केवळ उताराच्या बळावर, जमिनीखालून शहरात आणले. पाणी झाकलेले राहिल्याने ते उडून जात नव्हते. अर्थात, तेव्हा आजच्याइतका ऊस नव्हता आणि विजेचे पंपही नव्हते, हे मान्य.

उत्तर १, पुन्हा
नहरीचे उदाहरण रास्त आहे. उपसा नैसर्गिक झिरप्याहून अधिक होऊच शकत नव्हता, हे तिचे खरे बळ. प्रश्नकर्त्यांनी खोदाईपूर्वी ओढ्यालगतच्या आणि वाडीच्या काही विहिरींची पाणीपातळी दिवाळीनंतर आणि मार्चअखेर मोजून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत लिहून ठेवावी, आणि मुरूम लागताच पोकलेन थांबवण्याची अट ठरावातच घालावी.