व्हीबी-६ नंतर एकट्या प्रोग्रामरने डेस्कटॉप सॉफ्टवेअर कशात लिहावे?

हळदबाजार (प्रश्न)

सांगलीतील काही अडत दुकानांसाठी शेतमालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) छापणारे सॉफ्टवेअर मी वीस वर्षांपासून सांभाळत आहे. ते व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी-६) या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असून माहिती अ‍ॅक्सेसच्या (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामच्या) फाइलमध्ये राहते. मी बी. कॉम. झाल्यावर क्लासला जाऊन प्रोग्रामिंग शिकलो. फॉर्मवर बटण ओढून ठेवायचे, त्यावर डबल-क्लिक करायचे आणि समोर आलेल्या जागेत हमाली-तोलाई वजा करण्याचे गणित लिहायचे, एवढ्या भांडवलावर माझे काम सुरू झाले. आता दुकानदारांना शेतकऱ्याचे नाव युनिकोडमध्ये (सर्व लिपींसाठीच्या जागतिक चिन्ह-संकेतात) हवे आहे, आणि ते टेक्स्टबॉक्समध्ये टाकले की नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. इलेक्ट्रॉन (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्राम बनवण्याचे साधन) वापरून पाहिले, तर एक खिडकी आणि दोन बटणे यांसाठी फोल्डरमध्ये हजारो फाइली येऊन पडल्या, आणि त्यांतले माझे काय व परके काय हेच कळेना. वेबवरचा पर्याय कृपया सुचवू नये, कारण सौद्याच्या वेळी नेट गेले की शेतकरी पट्टीसाठी ताटकळत बसतो.

शनिवारपेठ

आपल्या अडचणीचे मूळ असे आहे की व्हीबी-६ स्ट्रिंग (मजकूर) आतून युनिकोडमध्येच ठेवते, पण तिची नेहमीची कंट्रोल्स (टेक्स्टबॉक्स, बटण वगैरे) मजकूर जुन्या अ‍ॅन्सी पद्धतीत (मोजक्याच चिन्हांच्या संकेतात) बदलून दाखवतात आणि देवनागरीला त्या पद्धतीत स्थानच नाही. त्यामुळे फॉन्ट बदलून हा प्रश्न सुटणार नाही. मायक्रोसॉफ्टने व्हीबी-६ च्या विकसन-साधनाचा आधार एप्रिल २००८ मध्येच थांबवला. तयार प्रोग्राम विंडोजवर अजून चालतात, ते चालवायला लागणारे रनटाइम विंडोजबरोबर येत असल्यामुळे.

माझे मत विंडोज फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या फॉर्म बनवण्याच्या साधनाच्या बाजूने आहे. ओढून ठेवा, डबल-क्लिक करा, लिहा ही आपली सवय तिथे जशीच्या तशी चालते. असे प्रोग्राम चालवणारा संच म्हणून डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ निवडले तर ते विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये आधीपासूनच असते, म्हणून दुकानात जाऊन वेगळे काही बसवावे लागत नाही. पैशांसाठी मात्र डबल हा दशांश अंदाजे ठेवणारा संख्या-प्रकार न वापरता ते अचूक ठेवणारा डेसिमल वापरावा.

पास्कलवाला

वरील सल्ला चुकीचा नाही, तरीही आपण एकटेच हे सांभाळणार असाल तर लाझारस अवश्य पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. १९९५ साली आलेल्या डेल्फी या पास्कल भाषेच्या साधनाच्या धर्तीवर बनलेले हे साधन मोफत व मुक्तस्रोत आहे आणि फ्री पास्कल कंपायलरवर (लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनावर) चालते. एकट्या माणसाला त्याचा मोठा आधार म्हणजे, उद्या एखाद्या कंपनीने धोरण बदलले म्हणून आपली वीस वर्षांची मेहनत अडकून पडत नाही. व्हीबी-६ च्या बाबतीत आपण सर्वांनी नेमके हेच सोसले आहे. तयार होणारी एक्सई (चालणारी प्रोग्राम-फाइल) थेट मशीन-कोडमध्ये असते. पहिल्यांदा तिचा आकार पाहून दचकू नका, त्यात डीबगची (चुका शोधण्यासाठीची) माहिती भरलेली असते आणि ती काढली की फाइल काही एमबींवर येते. व्हीबीतला करन्सी हा प्रकार इथेही चार दशांश स्थळांसह आहे, त्यामुळे पट्टीच्या हिशेबात पैशांचा फरक पडत नाही.

एका ठिकाणी मात्र जपावे लागते. लाझारस मजकूर यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ठेवतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी लेंग्थ फंक्शनला विचारली तर ते बाइट मोजून १५ सांगते, यूटीएफ८लेंग्थ काना-वेलांटीसह चिन्हे मोजून ५ सांगते, आणि वाचणाऱ्याला तर तीनच अक्षरे दिसतात. नाव ठरावीक रुंदीच्या रकान्यात बसवताना अक्षरे मोजून तोडू नका. कॅनव्हासच्या (छपाईच्या पटलाच्या) टेक्स्टविड्थ फंक्शनने छापील रुंदी मोजा.

जोडाक्षर

साधन कोणतेही घ्या, जुनी माहिती आणणे हेच खरे जिकिरीचे काम आहे. पट्ट्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये छापत असाल, तर अ‍ॅक्सेसमध्ये पडलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन चिन्हांचा आहे. नुसता चिन्हामागे चिन्ह बदलणारा तक्ता पुरत नाही, कारण अशा फॉन्टमध्ये चिन्हे दिसण्याच्या क्रमाने टाइप होतात. ‘किरण’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर असतो; युनिकोडमध्ये क आधी हवा. ‘कर्ज’मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये ज च्या नंतर येतो, तर युनिकोडमध्ये र् ला ज च्या आधी आणावे लागते. आधी शेतकऱ्यांची नावे तेवढी रूपांतरित करा आणि ती छापून दुकानातल्या दिवाणजींकडून वाचून घ्या; नावातली चूक त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

हळदबाजार

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री लाझारसमध्ये पट्टीचा फॉर्म उभा केला आणि माहिती एसक्यूलाइट या एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवायचे ठरवले. जोडणी होईना म्हणून तासभर अडलो. शेवटी कळले की प्रोग्राम ६४ बिटचा होता आणि शेजारी ठेवलेली एसक्यूलाइटची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी सहायक फाइल) ३२ बिटची. ती बदलताच ‘ज्ञानेश्वर’ हे नाव खिडकीत नीट उमटले. वेलांटी आणि रफार यांचे रूपांतर आज लिहायला घेतो. तोवर जुना प्रोग्राम बंद करणार नाही. पुढच्या सौद्याला एकाच दुकानात दोन्हींतून पट्ट्या काढून रकमा ताडून पाहीन.