मदत हवी आहे: हिमालयन बाईक पहिल्यांदाच मातीत घातलो

मंडळी, मी बेळगावचा, सेकंडहँड रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ घेतलोय, आजवर फक्त डांबरावर चालवलोय. काल जांबोटीच्या पुढं लाल मातीच्या वाटेवर घातलो तर पुढचं २१ इंची चाक सुट्या खडीत असं डोलायला लागलं की मी हँडल गच्च आवळून धरलो आणि गाडी आडवीच, १९९ किलो एकट्यानं उचलताना कंबर धरली. फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहायचं म्हणतात, पण उभं राहिलं की मागच्या ब्रेकवर पाय नीट बसत नाही, पेडल ॲडजस्ट करावं काय? हवा किती कमी करू? ट्यूब टायर आहेत, दगडावर पंक्चरची भीती वाटते. उतारावर मागचा एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) बंद ठेवायचा का? खानापूर बाजूला, जंगल सोडून, सरावाला मोकळं माळ कुणाला माहीत असेल तर सांगा, सोबत आलात तर लई बरं होईल.