मदत हवी आहे : इन्व्हर्टर एसीचा गॅस पुन्हा कमी झालाय, दुरुस्ती करू की नवा घेऊ?

मूळ प्रश्न
दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, आर-३२ गॅसचा, सात वर्षं जुना. १६ अंशांवर अर्धा तास चालवला तरी खोलीतली हवा ३० अंश आणि जाळीतून येणारी २४. आउटडोअरपाशी बारीक नळीवर बर्फ धरतो, जाड नळी जेमतेम गार लागते. फिल्टर धुऊन झाले, फरक नाही. मागच्या उन्हाळ्यात गॅस भरला होता. मेकॅनिक म्हणतो पुन्हा भरू, नाहीतर नवा घ्या. नवा घेतलाच तर भिंतीतली जुनी तांब्याची नळी चालेल का?

थंडवारा
पेट्रोल जळतं तसा एसीतला गॅस वापरून संपत नाही. बंद चक्रात तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार.

बर्फ कुठे धरतो ते महत्त्वाचं. हवा कमी पडत असेल (फिल्टर, ब्लोअर किंवा कॉइल मळलेली असेल) तर अख्खी कॉइल गोठते आणि बर्फ जाड नळीपर्यंत येतो. गॅस कमी असेल तर बारीक नळी आणि कॉइलचा सुरुवातीचा भागच गोठतो, पुढची कॉइल कोरडी आणि कोमट राहते. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. कंप्रेसर पूर्ण वेगात असताना आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक हवा, तुमच्याकडे ६ आहे.

टॉर्च घेऊन दोन्ही युनिटांचे नट बघा. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही झिरपतं, त्यामुळे गळक्या जोडाभोवती तेलकट धूळ चिकटलेली दिसते.

मूळ प्रश्नकर्ता
आउटडोअरच्या जाड नळीच्या नटाभोवती काळपट तेलकट थर आहे. मेकॅनिक म्हणतो नट आवळू आणि गेज लावून प्रेशर बघत गॅस भरू. चालेल?

तांबेजोड
दोन्ही नको.

नट आवळून गळती तात्पुरती थांबते, कधी उलट वाढते. फ्लेअरची (नटात बसण्यासाठी पसरवलेल्या नळीच्या टोकाची) कड बहुतेक वेळा आधीच जास्त आवळल्यामुळे पातळ होऊन चिरलेली असते. नळीचं टोक कापून फ्लेअर नव्याने करायला सांगा. कापल्यावर कडेचा कीस काढताना नळीचं तोंड खाली हवं, म्हणजे तो आत पडत नाही. नट टॉर्क पान्याने आवळायचा : पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ४९ ते ६१.

प्रेशरचं म्हणाल तर इन्व्हर्टरचा कंप्रेसर सतत वेग बदलतो, त्यामुळे सक्शनचा (कंप्रेसरकडे परतणाऱ्या गॅसच्या दाबाचा) आकडाही बदलतो. त्यावरून गॅस ठरवणं म्हणजे अंदाज. यात वजनकाट्याला पर्याय नाही. क्रम असा :

१. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून तोला. युनिटवरच्या माहितीच्या पाटीवर ८०० ग्रॅम असून ५०० निघाले तर तूट किती ते तिथेच कळतं. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून खोलीत सोडू नका आणि गॅस आत असताना जोडकामाची ज्योत लावू देऊ नका.

२. जोड सुधारल्यावर कोरडा नायट्रोजन टप्प्याटप्प्याने, पाटीवरच्या मर्यादेच्या आत, साधारण ४०० पीएसआयपर्यंत भरा. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावा आणि काही तास दाब धरून ठेवा. हवेचं तापमान १० अंशांनी उतरलं की आकडा १३-१४ पीएसआयने खाली येतो, ती गळती नव्हे. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कोणी वापरत असेल तर काम थांबवा. तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो.

३. व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा ओढून ५०० मायक्रॉनच्या (उरलेल्या दाबाचं माप) खाली न्या, पंप बंद करून १०-१५ मिनिटं बघा. आकडा चढत राहिला तर गळती आहे, चढून स्थिरावला तर ओलावा. ओलावा असेल तर पंप पुन्हा चालवायचा. गॅसच्या फवाऱ्याने हवा हाकलणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे.

४. पाटीवरचं वजन काट्यावर मोजून भरा. कारखान्यातून नळीच्या ठरलेल्या लांबीपुरताच गॅस येतो, पुढच्या प्रत्येक मीटरला किती ग्रॅम ते मॅन्युअलमध्ये असतं.

थंडवारा
नट सुधारूनही नायट्रोजनचा दाब टिकला नाही तर संशय इनडोअर कॉइलवर. रंग, व्हार्निश, चिकटद्रव्यं, काही सफाईची द्रव्यं यांतून सुटणारी सेंद्रिय आम्लं ओलाव्यात मिसळून तांब्याला आतवर बारीक भोकं पाडतात. असं एक भोक ब्रेझिंगने (ज्योतीने धातू वितळवून) बुजवलं तरी शेजारी दुसरं तयार असतं, म्हणून कॉइलच बदलावी. कॉइल मिळत असेल आणि कंप्रेसर आवाज न करता नेहमीचा करंट घेत असेल तर सात वर्षांचा एसी टाकून द्यायचं मला कारण दिसत नाही. कंप्रेसर आणि पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) दोन्ही गेले असते तर नव्याचा विचार केला असता.

तांबेजोड
जुन्या नळीबद्दल : नव्या मशीनला लागणारा व्यास तोच असेल, जाडी निदान ०.८ मिलिमीटर असेल, भिंतीत लपलेला जोड नसेल आणि नळी नायट्रोजनच्या दाबाला टिकली तर वापरता येते. फ्लेअर मात्र दोन्ही टोकांना नवे. जुना एसी आर-२२ या जुन्या गॅसचा असता तर नळीतलं खनिज तेल फ्लश करून काढावं लागलं असतं. कंप्रेसर आतून जळालेला असेल तर आम्लयुक्त काजळी नळीत राहते. तशी नळी धुण्यात वेळ न घालवता बदलून टाका.